माघार

नवरा जावात प्रोग्राम लिहिणारा, बायको डॉटनेटमध्ये, आणि काम एकाच दवाखान्याचं. त्याचा प्रोग्राम अपॉइंटमेंटच्या तारखेत आधी दिवस, मग महिना पाठवायचा, तिचा प्रोग्राम आधी महिना, मग दिवस वाचायचा. पेशंट बिचारे भलत्याच महिन्यात दारात उभे. "तू बदल." "मीच का?" ऑफिसात तेच, घरी जेवतानाही तेच. शेवटी ती दमली. कुणाला न सांगता तिनं नमतं घेतलं, कोड बदलला. तरी तारीख उलटीच! वैतागून तिनं त्याला फोन लावला.

"आता काय अडलंय तुझं?" तिनं विचारलं.

"सकाळीच बदललंय मी. तुझ्यासारखं केलंय," तो म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मीही तुझ्यासारखं केलंय!"

मग दोघंही एकदमच म्हणाले, "बरं, आता तू कर परत पहिल्यासारखं."