साहेबांचा डबा

शशिकलाबाईंनी आणखी एक साहेब कापून बिस्किटांच्या डब्यात टाकला.

"भरत आला डबा," त्या म्हणाल्या. "यांच्यासाठी चहा टाकू का?"

क्षितिजा चित्रावरच वाकलेली होती. कोटरा या हिंदी वस्तीतल्या त्या छोट्या खोलीत, फरशीवर, इंग्रजांच्या काळातला नकाशा पसरला होता. त्यात जंगल हिरवं आणि रिकामं. एकही गाव नाही. तिनं त्यावर घरं, विहिरी, गुरं चिकटवली होती. आता वाघांची पाळी होती. शिकारीच्या जुन्या फोटोंतून माणूस कापून काढायचा, जनावर ठेवायचं, एवढं आईचं काम. ब्लाउज शिवून कात्रीवर बसलेला हात. मिशीचा केससुद्धा तुटत नव्हता.

"सगळे एकसारखेच हसतात गं," शशिकलाबाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि कपाटातली फ्रेम घेऊन पुन्हा कात्रीपाशी बसल्या. रविवारी नरहररावांचं वर्षश्राद्ध. हाच फोटो मोठा करून लावायचं ठरलं होतं. नवऱ्याचा हसरा असा तेवढाच होता. वनखात्यातले कारकून नरहरराव, मेलेल्या वाघिणीमागे गुडघा टेकून, उजवा हात तिच्या डोक्यावर.

"रहने दे ना, आई." या फोटोचा विषय क्षितिजानं पहिल्यापासून टाळला होता.

"ह्यांनी नव्हती मारली. गाडीखाली आली होती. हे नुसते फोटोला बसले."

"माहीत आहे मला. बाबांनी कधी काठीसुद्धा उचलली नाही."

"यातलेही काही नुसते फोटोलाच बसले असतील." त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"मी मोबाइलवर घेते. प्रिंट काढू. ती काप."

"आणि हा भिंतीवर लावू?"

क्षितिजानं मोबाइल बाजूला ठेवला.

शशिकलाबाईंनी फोटो काचेतून काढला. कात्री केसांपासून निघाली, कानावरून, खांद्यावरून, दंडावरून खाली आली आणि मनगटाशी अडली. बोटं वाघिणीच्या कानामागे रुतलेली होती. ती सोडवायची तर वाघीण फाटली असती.

कात्री उघडीच राहिली. मग मनगटावर मिटली.

वाघीण नकाशावर गेली, डोक्यावर तो हात घेऊन.

नरहररावांना त्यांनी डब्यात टाकलं नाही. देवघरात निरांजनाला टेकवून उभं करून पाहिलं. कागद पातळ, ते सारखे पुढे वाकत होते, हसत. शेवटी त्या त्यांना हातात धरूनच बसल्या.