आवाजाचं यंत्र

“रस उकळायचा नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं त्यात बुडबुडे फुटतात आणि जंतू मरतात,” आवळ्याच्या कारखान्यात नवं यंत्र दाखवत इंजिनिअरबाई म्हणाल्या.

“आमच्या सासूबाईंचा तर ऐकूही येतो!” कामगार बायकांतल्या एकीनं टोला हाणला. हसण्यात कुणी मागं राहिलं नाही, एक शेवंता सोडून.

जेवणाच्या सुट्टीत तिनं बाईंना विचारलं, “सोनोग्राफीत हाच आवाज ना?”

“हो, त्याच जातीचा. का?”

“मीच हट्टानं करून घेतली होती. चौथ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं. अकरा वर्षं झाली.”

बाईंनी डबा बाजूला सारला. “ताई, हे यंत्र घण घालतं. सोनोग्राफी नुसता कानोसा घेते. त्यानं बाळ जात नाही.”

शेवंतानं पदर डोळ्यांना लावला.

“पुन्हा एकदा सांगा.”