तिसरं उत्तर

कापड घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या बाई तपासणीला येणार, म्हणून इचलकरंजीतल्या त्या यंत्रमाग कारखान्याच्या मालकानं शेवंताक्काच्या कानाशी तोंड नेऊन बजावलं, "आक्का, तीनच प्रश्न. ड्युटी, सुट्टी आनि कान. ह्याच क्रमानं. चुकलीस तर उद्यापासनं कामाला येऊ नगंस."

पंचवीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेली आक्का बाईंसमोर पदर घट्ट धरून बसली. मालक शेजारीच उभा. तिनं बाईंच्या ओठांवरून नजर हटवली नाही.

ओठ हलले. "आठ तास."

पुन्हा हलले. "आठवड्याला एक."

मालकानं सुस्कारा सोडला.

तिसऱ्यांदा ओठ हलले. "कानाला कायबी तरास न्हाय बाई. सगळं नीट ऐकू येतंय की."



बाईंनी प्यायला पाणी मागितलं होतं.