हिला विचारा

“काका, नाव काय तुमचं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

काकूंनी नाव सांगितलं.

“आज वार कुठला?”

“गुरुवार,” काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्ही नका सांगू. त्यांना बोलू द्या.”

खाटेवर बसलेले काकूंचे यजमान, मिस्त्री, भिंतीकडे बघत राहिले. सकाळी जिना उतरताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, म्हणून तर काकू त्यांना इथं घेऊन आल्या होत्या. वार पुन्हा काकूंच्या अगदी ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि काकू दुकान सांभाळायच्या. गिऱ्हाईक काहीही विचारो, मशीन कधी मिळेल, तेल कुठलं घालू, तुमची तब्येत काय म्हणते, मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, “हिला विचारा.” सगळी गल्ली त्यावरून त्यांची थट्टा करायची. काकूंना मनातून त्याचा अभिमानच वाटायचा.

“हे शेवटचं नीट कधी बोलले?” डॉक्टरबाईंनी आता काकूंनाच विचारलं.

काकू दिवस आठवू लागल्या. दोघांच्या वाटणीचं बोलणं त्याच बोलत आल्या होत्या. त्यातलं मिस्त्रींचं कधी बंद पडलं, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही कवटी, हा मेंदू. यांच्या मधे रक्त साचलंय, हळूहळू झिरपत. त्यानं मेंदू दाबला गेलाय, आणि बोलणं चालतं ते नेमकं या बाजूनं. डोक्याला काही लागलं होतं का?”

“नाही,” काकू सवयीनं म्हणाल्या. मग त्यांना दुकानाचं शटर आठवलं. ते अर्धवट खाली असताना मिस्त्री वाकून आत शिरले होते आणि डोकं दाणकन आपटलं होतं. शेजारचा पंखेवाला धावत आला. “मिस्त्री, लागलं का हो फार?” मिस्त्री डोकं चोळत काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात काकूच म्हणाल्या होत्या, “छे, काही नाही झालं त्यांना.”

“शटर लागलं होतं,” काकूंनी सांगितलं. “महिना होऊन गेला असेल.”

“या वयात तेवढं पुरतं. आजच कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढून टाकू. बहुतेक लोक सुधारतात. बोलणं किती परत येईल, ते मात्र आत्ता सांगता येणार नाही.”

डॉक्टरबाईंनी सांगितलं तिथं काकूंनी सही केली. न्हाव्यानं मिस्त्रींना विचारलं, “सगळे केस काढू का, काका?” आणि काकू म्हणून गेल्या, “सगळेच काढा.” त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं. रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. भूल मिस्त्रींना द्यायची होती आणि चढली होती काकूंनाच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उशीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी, पट्टीतून निघालेली नळी, आणि खाली पिशवीत मशीनमधून काढलेल्या जुन्या तेलासारखं काळपट रक्त. काकू ते पिशवीतलं रक्त बघत बसल्या होत्या. डॉक्टरबाई आत आल्या.

“काकू, आज एक अक्षर बोलायचं नाही हं.”

काकूंनी मान हलवली.

“काका, या कोण?”

मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. काकूंनी खाटेची कड घट्ट धरली. काकूंनी एक शब्द टाकला असता तर मिस्त्रींनी तो उचलला असता. पण काकूंनी तो टाकला नाही.

“आठवतंय का, काका? कोण आहेत या?”

“हिला...” आवाज घोगरा होता, जडही. “हिला विचारा.”

“हिला म्हणजे कुणाला?”

मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. “तेही हिलाच विचारा.”

डॉक्टरबाई काही न कळून काकूंकडे वळल्या. काकूंचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“मी बोलू का आता?” त्यांनी विचारलं.