राखीव खुर्ची

चौकातला छेदीलाल एकेकाळचा नामचीन गुंड. एके दिवशी गावठी कट्टा गोमतीत फेकून तो देवळाबाहेर पाणपोई चालवू लागला. त्याच्यावरच मी माझा पहिला सिनेमा लिहिला. लखनौमधल्या पहिल्या खेळाला शेजारची खुर्ची त्याच्यासाठी राखली होती, पण ती रिकामीच. मध्यंतरात फोन लावला.

"निनाद भैया, मंत्रीजी आए हैं ना, तो दरोगाजी ने सुबह से सब पुराने बदमाशों को थाने में बिठा रखा है. आप कुछ बोलिएगा मत, हमें यहीं रहना है."

सिनेमा संपला. मंत्र्यांच्या बंदोबस्ताला दाराशी उभे असलेले ठाण्याचे तेच दरोगाजी डोळे पुसत त्या रिकाम्या खुर्चीत टेकले.



"सर, ऐसे लोग सच में होते हैं क्या?"