बुडबुडा वर जातो

बायको भांडी आवरून आत आली, तर गवंडी पलंगावर चक्क उताणा. डोळ्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण, छातीवर हात, आणि चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

दहा दिवस पालथंच राहायचं, जेवायला आणि संडासला तेवढं उठायचं, असं डॉक्टरबाईंनी चारदा बजावलं होतं. त्याच्या डोळ्यातला पडदा सुटून ओल्या कागदासारखा चुरगळला होता. तीन तास खपून त्यांनी तो जागेवर बसवला आणि आत गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. माणूस पालथा असला की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. आणि हा एकच डोळा उरलेला. दुसरा चुन्याने कधीच नेला होता.

गवंड्याने शांतपणे खुलासा केला. जेवायला उठून बसलं की त्याला तो बुडबुडा डुचमळताना दिसायचा, आणि दिसायचा तळाला. बत्तीस वर्षं त्याने बांधकाम सरळ आहे का ते बघायच्या लेव्हलच्या नळीत बुडबुडा पाहिला होता, खाली बसलेला एकदाही नाही. म्हणजे हा उलटा चालतो. मग आपणही उलटं झोपावं, हे उघडच होतं.

"एवढं डोकं चालवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" बायको म्हणाली. तिने त्याला दोन्ही हातांनी पालथं केलं आणि दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, किती वेळ. कालपासून, गवंडी पुटपुटला. ही खोलीत नसली की.

मग त्यांनी समजावलं. डोळ्यात सगळं उलटं उमटतं, मेंदू ते सुलटं करून दाखवतो. बुडबुडा डोळ्याच्या आतच, तो उलटा उमटत नाही, पण मेंदू त्यालाही उलटवतो; तो वरच होता, म्हणून तर खाली दिसत होता. आता मान वळवायची नाही आणि तासाभरात दवाखान्यात यायचं. पडदा धरून आहे की पुन्हा सुटलाय, ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

"भिंत वाकडी झाली तर तुम्ही पाडून पुन्हा बांधता, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "इथं दर वेळी तसं जमत नाही."

बायकोने मुलाला गाडी आणायला पिटाळलं. गवंडी पलंगाच्या कडेबाहेर तोंड काढून पडून राहिला. वर असलेलं खाली दिसतं, तर खाली दिसतं ते कुठे असतं? त्याला काही केल्या उमजेना. आणि आता त्याला भीती वाटू लागली.

बायकोच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, ते तिने गिळलं. ती जमिनीवर उताणी झाली आणि सरकत त्याच्या तोंडाखाली आली. डुचमळत्या उजेडात त्याला एक धूसर चेहरा दिसला.

"अगं, तू वर आहेस की खाली?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या गालाला हात लावला.

"इथं आहे," ती म्हणाली. "हलू नका."