सुन्निवाचं सुतक

नॉर्वेहून भावाचा फोन आला तेव्हा सुन्निवा सवाष्णींच्या ओटीचं सामान सुपात मांडत होती. "आई पहाटे गेली. विधी शुक्रवारी आहेत," एवढंच हाकोन रडत बोलला.

घर माणसांनी भरलेलं होतं. दुपारी पुतणीची, ऋतिकाची, हळद, परवा लग्न. सुन्निवाने नवऱ्याला, सर्वेशला, आणि सासूबाईंना, शेवंतीबाईंना, स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. सासूबाईंनी आधी दार लावलं.

"कोणाक सांगलंस?"

"कुणालाच नाही. आई, मी हळदीला बसत नाही. लेकीला आईचं तीन दिवस असतं ना? तुम्हीच सांगितलेलं."

"तां आमच्यात," शेवंतीबाई म्हणाल्या. "तुमच्यात खंय असता सुतक?"

सुन्निवाला लग्न होऊन नॉर्वेहून विक्रोळीला येऊन सतरा वर्षं झाली होती. घरातल्यांनी सुन्निवाचं सुनी केलं, तेही तिने चालवून घेतलं. गेल्या वर्षी कणकवलीला सर्वेशचे कुणी लांबचे चुलते वारले. तिने त्यांना फोटोतसुद्धा पाहिलेलं नव्हतं. भावकीचं सुतक म्हणून याच बाईंनी तिला दहा दिवस पाळायला लावलं होतं, सुतकात प्रवास नको म्हणून तिचं नॉर्वेचं तिकीटही रद्द करायला लावलं होतं. तिकडे आईचा ऐंशीवा वाढदिवस होता. तेव्हा ती या घराची सून होती. 'तुमच्यात' हा शब्द ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"सुनी, दोनच दिवस गं," सर्वेश खाली मान घालून म्हणाला. "मंगळवारचं तिकीट काढतो मी. तिकडचे विधी शुक्रवारी आहेत, आरामात पोचशील. आत्ता बोललीस तर वाट लागेल सगळ्याची."

"चेडवाचा लगीन आसा," शेवंतीबाईंनी तिच्या हातात सूप दिलं. "तोंड धुवून घे. नि पाचवी सवाष्ण तू आसंस, ध्यानात ठेव."

सुन्निवाने तोंड धुतलं, हिरव्या बांगड्या भरल्या. गजराही माळला.

दुपारी मुलुंडहून नवऱ्या मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. ऋतिका पाटावर बसली. पहिल्या चौघींनी हळद लावली, पाचवी सुन्निवा वाकली. या पोरीला तिने पहिलीपासून मांडीवर घेऊन शिकवलं होतं. तिने दोन बोटं वाटीत बुडवली आणि ऋतिकाच्या गालाला टेकवली.

"काकी," ऋतिका एकदम म्हणाली, "मॉर्मोरला व्हिडिओ कॉल लाव ना! मी तिला प्रॉमिस केलंय, हळद दाखवीन म्हणून."

मॉर्मोर म्हणजे सुन्निवाची आई. तिकडे आजीला म्हणतात तसं ऋतिकाही तिला म्हणायची.

"लावा, लावा!" नवऱ्या मुलाची मावशी म्हणाली. "आम्हालाही भेटू दे फॉरेनच्या विहीणबाई."

"आता नको गो," शेवंतीबाई घाईने बोलल्या. "म्हातारी निजली असतली."

"आज्जी, तिकडे सकाळचे अकरा वाजलेत!"

बायका हसल्या. सगळ्या सुन्निवाकडे बघत होत्या. नंतर लावू, असं म्हटलं की झालं असतं. सतरा वर्षांत तिला अशी किती उत्तरं पाठ झाली होती.

"मॉर्मोर गेली गं," ती म्हणाली. "आज पहाटे."

मावशीने वाटी हळूच स्वतःकडे ओढली. ऋतिकाच्या आईने, माधुरीने, पदर पुढे घेतला आणि लेकीच्या गालावरची दोन बोटांची हळद पुसून टाकली. सकाळी स्वयंपाकघरात जे नव्हतंच, ते सुतक आता खोलीभर झालं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" ऋतिका रडत तिच्याकडे झेपावली. माधुरीने तिला दंडाला धरून पाटावर बसवलं.

"काय केलंस गे ह्या?" शेवंतीबाई दात आवळून पुटपुटल्या.

सर्वेशने गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. मुलुंडच्या बायकांनाही ऐकायचं होतं.

"त्यांच्या आई ना? मग तुमच्या घराला काही नाही. त्यांना एकट्यांना तीन दिवस. त्यांना फक्त कार्यातून बाजूला बसवा. हळद नवीन कालवा आणि पुढे चालू द्या."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. सुन्निवाला आतल्या खोलीत बसवण्यात आलं. सर्वेशने पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला. काहीतरी बोलावं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली. "हो, आलो," म्हणत त्याने दार ओढून घेतलं.

आहेराच्या पिशव्यांमध्ये जागा करून ती खाली बसली. मनगटावर हळदीचा ओघळ वाळला होता. बऱ्याच वेळाने हाकोनचा फोन आला. तो आता सावरला होता, शुक्रवारच्या विधींचं सांगत होता. कुठलं चर्च, फुलं कुणी आणायची. सांगता सांगता मध्येच थांबला.

"तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?" त्याने विचारलं.

बाहेर बेंजोवाल्यांनी नवं गाणं धरलं होतं. बायका टाळ्या वाजवत होत्या.

"सगळे," सुन्निवा आपल्या भाषेत म्हणाली. "सगळे इथेच आहेत."